जनावरांसाठी नवं उपकरण बनवताना: वेल्डिंगच्या आधी काय, नंतर काय

वर्षातून चार-पाचदा तरी कुणी ना कुणी बोलेरोच्या टपावर काहीतरी बांधून आणतं आणि दवाखान्यासमोर उतरवतं. कधी बसलेली गाय उचलायची तिवई असते, कधी अडलेलं वासरू ओढायचा जॅक, कधी शिंग कापायचं यंत्र. वेल्डिंग पक्कं असतं, रंगही दिलेला असतो. जनावराच्या अंगाला लावलं की मात्र ते बसत नाही. पंधरा-वीस हजार रुपये गेलेले असतात आणि बनवणाऱ्याचा चेहरा पाहवत नाही. हात कसबी असतात, पण क्रम चुकलेला असतो. वेल्डिंग ही सहावी पायरी आहे आणि आपल्याकडे सुरुवातच तिच्यापासून होते.

हा लेख पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, फॅब्रिकेशनवाले आणि कृषी अभियांत्रिकीची पोरं यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून बसलेलं जनावर उचलायचं साधन घेतो, कारण विदर्भात त्यावरच सगळ्यात जास्त प्रयत्न होतात आणि वायाही जातात. शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं वेगळं काही असेल तिथे ते सांगेन.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरावर शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. तुम्ही उत्तम कारागीर असाल, तरी पहिल्या दिवसापासून एक पशुवैद्यक सोबत हवा. उपकरण तयार झाल्यावर त्याला दाखवून चालत नाही, कारण तोपर्यंत बदलायला काही उरलेलं नसतं.

## १. त्रास नेमका कुठे आहे ते वहीत उतरवा

"डॉक्टरसाहेब, म्हैस कालपासून उठूनच नाही राहिली." असा फोन आला की आपण थेट उचलायच्या विचाराला लागतो. थांबा. निदान वीस जनावरांची नोंद करा: वय, अंदाजे वजन, बसून किती तास झाले, खाली काय होतं (फरशी, माती की कुटार), उचलायला किती माणसं होती, कशाने उचललं, कुठे जखम झाली, शेवटी काय झालं.

वीस नोंदी झाल्या की त्यातून एक वाक्य काढा. त्या वाक्यात यंत्राचं नाव येऊ देऊ नका.

चुकीचं वाक्य: "गाय उचलायचं स्वस्त मशीन बनवायचं."

कामाचं वाक्य: "साडेतीनशे किलोपर्यंतची गाय, कमी उंचीच्या टिनाच्या कोठ्यात, दोन माणसांनी, कातडीला जखम न होता पायावर उभी करायची आणि ती धडपडली तर लगेच खाली घेता आली पाहिजे."

दुसऱ्या वाक्यात पाच अटी आहेत. पुढची प्रत्येक पायरी या पाच अटींवर तपासायची आहे.

सावधान: वीसपैकी काही गायी यंत्राच्या नसतात, सलाइनच्या बाटलीच्या असतात. व्याल्यावर पहिल्या तीन दिवसांत बसलेली, कान थंड पडलेली, मान कुशीकडे वळवलेली गाय बहुतेक वेळा कॅल्शियम कमी झाल्याने बसलेली असते. तिला शिरेतून कॅल्शियम हवं, तेही सावकाश आणि हृदयाचे ठोके ऐकत. अशा नोंदी बाजूला काढा, नाहीतर औषधाचं यश तुमच्या यंत्राच्या खात्यावर जमा होईल आणि तुमचीच फसगत होईल.

उरलेल्यांत बसून झालेले तास फार महत्त्वाचे. कडक जमिनीवर जनावर बसून राहिलं की त्याच्याच वजनाखाली मांडीचे स्नायू आणि नसा दबतात. सहा ते बारा तासांत इतकं नुकसान होऊ शकतं की मूळ आजार बरा झाला तरी जनावर उठत नाही. म्हणजे तुमचं साधन तालुक्याच्या गावाहून ट्रॅक्टरने आणावं लागत असेल, तर ते कितीही चांगलं असलं तरी उशिराच पोहोचणार. "मोटरसायकलवर दोन खेपांत नेता आलं पाहिजे" ही सहावी अट वाढवा.

## २. आधीपासून काय आहे ते शोधा

पोटात प्लास्टिक साचलेल्या गायीचं पोट उघडताना कोठीपोट जखमेच्या कडेला धरून ठेवावं लागतं, नाहीतर आतला चारा पोटाच्या पोकळीत सांडतो. खेड्यात मदतीला दुसरा डॉक्टर नसतो. म्हणून मी दोन महिने खपून एक कडं आणि आकडे असलेली चौकट बनवली. नंतर कळलं की वाइनगार्थचं कडं म्हणून हीच कल्पना शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत कित्येक वर्षांपासून आहे. आधी पाहिलं असतं, तर ते दोन महिने आपल्या लहान चणीच्या गायींसाठी त्यात बदल करण्यात गेले असते आणि हाती नवं काही लागलं असतं.

म्हणून तीन ठिकाणी विचारा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा शल्यचिकित्सा विभाग, भारतीय पेटंट कार्यालयाची ऑनलाइन शोधसुविधा (ती मोफत आहे) आणि उपकरणं विकणाऱ्यांची सूचिपत्रं. सापडलेल्या प्रत्येक साधनापुढे एकच ओळ लिहा: माझ्या सहा अटींपैकी हे कोणत्या अटीत नापास होतं? एकाही अटीत नापास होत नसेल, तर ते विकत घ्या आणि वेळ दुसऱ्या त्रासावर घालवा.

## ३. मापं घ्या, आपल्याच जनावरांची

बाहेरून येणारी बरीचशी साधनं साडेसहाशे-सातशे किलोच्या होल्स्टीन गायीच्या मापाची असतात. आपल्याकडे वर्ध्याची गवळाऊ, गडचिरोलीची कठाणी, नागपुरी आणि पूर्णाथडी म्हैस. कमरेच्या हाडांना धरणारा मोठा चिमटा कठाणीच्या अंगावर लावला की एकतर निसटतो, नाहीतर कातडी सोलतो.

बसलेल्या जनावराची मापं नीट घेता येत नाहीत. गुरांच्या बाजारात जा आणि मालकाला विचारून त्याच जातीच्या, त्याच वयाच्या उभ्या जनावरांची घ्या. तराजू नसेल तर वजनाचा हिशेब असा:

छातीचा घेर (इंच) × छातीचा घेर × अंगाची लांबी (इंच) ÷ ६६० = वजन किलोत.

घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे घ्यायचा आणि लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत. घेर ६६ इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर वजन साधारण ३५६ किलो येतं. हा अंदाज आहे. गाभण जनावरात तो आणखी चुकतो.

सरासरी माप काढून त्यावर बनवू नका. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं जनावर घ्या आणि साधन त्या दोघांमध्ये सरकतं ठेवा.

आता जागेची मापं, जी कुणीच घेत नाही. कोठ्याच्या दाराची रुंदी आणि आड्याची उंची मोजा. तिवईला लावलेली चेन-पुली, खालचा आकडा आणि पट्टे यांचीच उंची इतकी होते की गाय पूर्ण उभी करायला वर साधारण दहा फूट लागतात. आपले कित्येक कोठे मधोमधसुद्धा आठ फुटांचे नसतात. म्हणजे एकतर बुटकी चौकट करा, नाहीतर जनावर ताडपत्रीवर सरकवून बाहेर आणायची सोय करा. आड्याला पुली बांधायचा विचार सोडून द्या. वाळवी लागलेलं लाकूड जनावरासकट खाली येतं.

जमीनही पाहा. काळी माती मे महिन्यात दगड असते आणि ऑगस्टमध्ये लोणी. उन्हाळ्यात तपासलेली तिवई पावसाळ्यात एका पायावर रुतते आणि कलंडते. प्रत्येक पायाखाली निदान फूटभर लांब-रुंद पत्रा हवा आणि तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत.

## ४. पुठ्ठ्याचा नमुना

लोखंडाला हात लावायच्या आधी पुठ्ठा, पीव्हीसी पाइप, सुतळी आणि पोती यांचा पूर्ण आकाराचा नमुना करा. तीनशे रुपयांत होतो. तो शांत, उभ्या जनावराच्या अंगाला नुसता लावून पाहा. भार द्यायचा नाही. पट्टा कासेवर येतो का? मूत्रमार्गावर येतो का? पुढचा पट्टा सरकून गळ्यात जातो का?

शस्त्रक्रियेचं किंवा प्रसूतीचं हत्यार असेल तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा घ्या, आतून साबणाचं पाणी लावा आणि हातमोजा घालून, डोळे मिटून नमुना आत चालवा. गर्भाशयात डोळा काम करत नाही, बोटंच पाहतात. हत्याराची कोणती बाजू वर आहे हे स्पर्शाने कळत नसेल, तर मुठीवर एक उंचवटा वाढवा. हाच प्रयोग डाव्या हातानेही करा.

तपासा: नमुना लावायला आणि काढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. काढण्याचा वेळ जास्त महत्त्वाचा.

## ५. साहित्य निवडा

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते.

शरीराच्या आत जाणारं किंवा जखमेला लागणारं जे काही असेल, ते स्टेनलेस स्टीलचं हवं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो: "चिकटत नाही, म्हणजे असली ३०४." ही परीक्षा खोटी आहे. स्वस्त २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि ते लवकर गंजतं. उलट चांगल्या शस्त्रक्रियेच्या कात्र्या ४२० सारख्या कडक होणाऱ्या स्टीलच्या असतात आणि त्यांना चुंबक पटकन चिकटतं. धार हवी असेल तिथे ३०४ चालत नाही, कारण त्याला धार टिकत नाही. म्हणून बिलावर दर्जा लिहून घ्या आणि माल घेताना चाचणीच्या द्रावणाचा थेंब टाकून पाहायला सांगा. स्टीलचा धंदा करणाऱ्या बऱ्याच जणांकडे ते असतं.

बाहेरच्या चौकटीला साधं लोखंड रंग देऊन चालतं. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप मात्र वेल्डिंगला घेऊ नका. जस्ताच्या धुराने वेल्डरला संध्याकाळी थंडी-ताप भरतो आणि जोडावरचा मुलामा जळून गंज तिथूनच लागतो.

पट्ट्यांसाठी बाजेची सुती निवार घेऊ नका, मूत्राने भिजून कुजते. प्लास्टिकची दोरी कातडीत रुतते आणि आपल्या उन्हात वर्षभरात ठिसूळ होते. मालट्रक बांधायचे पॉलिस्टरचे रुंद पट्टे बरे, त्यावर किती भार झेलतात तेही छापलेलं असतं. अंगाला लागणाऱ्या बाजूला धुता येईल असा जाड फोम, वर रेक्झिनचं आवरण.

थ्रीडी प्रिंटिंग हल्ली नागपूर-अमरावतीत सहज मिळतं. नमुन्यासाठी जरूर वापरा. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला भाग संध्याकाळी वाकलेला मिळतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने हत्यारं जंतुमुक्त करायच्या भांड्यात, तर त्याचा गोळाच होतो.

## ६. आता वेल्डिंग

लेथ आणि वेल्डिंगवाल्याला कागदावर मापं द्या, तोंडी सांगू नका. पशुवैद्यकाने एकदा तरी दुकानात उभं राहावं आणि वेल्डरने एकदा तरी कोठ्यात यावं. ज्याने गाय धडपडताना पाहिली नाही, त्याला निसटती कडी का हवी ते सांगून पटत नाही.

तीन गोष्टींवर अडून बसा.

पहिली, भार असतानाही एका झटक्यात सुटणारी कडी. नट-बोल्ट तणावाखाली सुटत नाहीत. दुसरी, आत जाणाऱ्या हत्याराला खाच, पोकळ नळी किंवा अर्धवट भरलेला जोड नको. तिथे रक्त अडकतं आणि कोणताच ब्रश पोचत नाही. पोकळ दांडा करायचाच असेल तर दोन्ही टोकं पूर्ण बंद हवीत. तिसरी, कडा. ग्राइंडिंग झाल्यावर बोट फिरवू नका, कापूस फिरवा. चिमूटभर सरकी काढलेला कापूस सगळ्या कडांवरून ओढा. जिथे तंतू अडकतो तिथे धातूची कूस, म्हणजे बारीक काटा, आहे. ती गर्भाशय फाडू शकते. कापूस कुठेच अडकेनासा होईपर्यंत घासा.

## ७. भार आणि उष्णता: दोन कसोट्या

भार. जनावराचं वजन ३५० किलो असेल, तर साधन ७०० किलो झेललं पाहिजे. धडपडीच्या झटक्याने भार वजनाच्या कितीतरी पुढे जातो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. चौदा गोण्या त्याच पट्ट्यांत बांधा, वीतभर उचला आणि तासभर तशाच राहू द्या. खाली कुणी उभं राहायचं नाही. मग उतरवून प्रत्येक जोड, पट्ट्याची शिवण आणि आकड्याचं तोंड पाहा. आकडा थोडासाही उघडला असेल तर तो भंगारात टाका, ठोकून सरळ करू नका. हीच कसोटी पाऊस पडून गेल्यावर, ओल्या मातीवर पुन्हा घ्या.

उष्णता. शस्त्रक्रियेचं हत्यार ऑटोक्लेव्हमध्ये वीस वेळा घाला. १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या हत्यारांना ३० मिनिटं. आतली हवा निघून दाब चढल्यावर वेळ मोजायला सुरुवात करायची, गॅस पेटवल्यापासून नाही. वीस खेपांनंतर सांधा अडखळतो का, गंजाचा ठिपका दिसतो का, मुठीचं प्लास्टिक फुगतं का ते पाहा.

सावधान: "पाण्यात उकळून घेतलं" याला जंतुमुक्त म्हणत नाहीत. धनुर्वात आणि फऱ्या यांच्या जंतूंचे बीजाणू (जंतूंचं कडक कवचातलं रूप) उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि आपल्या मातीत-शेणात ते असतातच. ऑटोक्लेव्हमध्ये न जाणारा भाग असेल तर दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये दहा तास बुडवावा लागतो. वीस मिनिटांत जंतू कमी होतात, बीजाणू राहतात. नंतर निर्जंतुक पाण्याने धुवायचं.

## ८. मेलेल्या जनावरावर

गोण्या आणि गाय यांच्यामध्ये ही पायरी आहे आणि घाईत हीच गाळली जाते. महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे त्यांचे अवयव कत्तलखान्यातून मिळणार नाहीत. म्हशीचे गर्भाशय, सड, कोठीपोट परवानाधारक कत्तलखान्यातून मिळू शकतात, शेळीचे खाटकाकडून. गायीचं अख्खं शरीर हवं असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदन विभागाशी बोला, किंवा नैसर्गिकरीत्या मेलेलं जनावर मालकाच्या संमतीने घ्या.

सावधान: अचानक मेलेलं, नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त आलेलं जनावर उघडू नका. ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. गर्भाशय हाताळताना लांब हातमोजे घाला. ब्रुसेला या जंतूचा ताप माणसाला महिनोन्महिने सोडत नाही.

इथे दहा वेळा काम जमलं, तर पुढे जा. नऊ वेळा जमलं आणि एकदा फाटलं, तर चौथ्या पायरीवर परत.

## मध्येच थांबा: पेटंट

हे इथे घालतोय, कारण नंतर उपयोग नाही. कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, व्हिडिओ टाकला, गावासमोर वापरून दाखवलं आणि मग पेटंटला गेलात, तर नवेपणा संपलेला असतो. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच सवलत आहे, पंचायत समितीच्या मेळाव्याला नाही. आधी तात्पुरता तपशील दाखल करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात आणि तेवढ्यात पुढच्या पायऱ्या होतात. उपचाराच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, कायद्याचं कलम ३(आय) तसं म्हणतं. म्हणून अर्जात "गाय उचलण्याची रीत" लिहू नका, उपकरणाची रचना लिहा. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरातच आहे, तिथे चौकशी करा.

पेटंट नको असेल आणि सगळ्यांना मोकळं द्यायचं असेल, तर तेही उत्तम. फक्त ते ठरवून करा, अनवधानाने नको.

## ९. परवानगी आणि संमती

जिवंत जनावरावर प्रयोग म्हणून काही करायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. ती महाविद्यालयांत असते, म्हणून महाविद्यालयातल्या शल्यचिकित्सकाला सहभागी करून घेणं हाच सरळ मार्ग. मालकाची संमती मराठीत, लेखी, त्याला वाचून दाखवून घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: साधन नवं आहे, दुसरा नेहमीचा उपाय कोणता, काय बिघडू शकतं, आणि कोणत्याही क्षणी "थांबा" म्हणायचा हक्क. ज्याच्या घरी एकच दुभतं जनावर आहे, त्याच्याकडे पहिला प्रयोग करू नये. माझं हे मत पक्कं आहे.

विकायचं असेल तर आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत जनावरांची उपकरणंही येतात आणि त्यांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. पहिला नग विकण्याआधी अन्न व औषध प्रशासनाकडे आपल्या उपकरणाचा वर्ग विचारून घ्या.

## १०. पहिलं जनावर

सकाळी लवकर घ्या. दुपारी ४५ अंशांत उचललेली म्हैस साधनाने दमते की उन्हाने, हे कळणार नाही.

आदल्या दिवशी एका कागदावर थांबण्याच्या अटी लिहा. उचलायच्या साधनासाठी माझ्या अशा आहेत: जनावर पायावर भार न घेता नुसतं लोंबकळलं तर लगेच खाली, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं तर खाली, पट्टा कासेवर सरकला तर खाली, पंधरा मिनिटं झाली तर काहीही असो, खाली. खाली घेताना जमिनीवर वीतभर कुटार किंवा तणस आधीच पसरलेलं हवं. सुटत्या कडीपाशी एकच माणूस, त्याला दुसरं काम नाही. घड्याळ तिसऱ्याकडे. मालक जनावराच्या तोंडाशी, कारण ते त्याचाच आवाज ओळखतं.

शस्त्रक्रिया असेल तर नेहमीचं, माहितीतलं हत्यार निर्जंतुक करून ट्रेमध्ये तयार हवं. नवं अडलं की दुसऱ्या मिनिटाला जुनं हातात. टाके घालण्याआधी नव्या हत्याराचे सुटे भाग मोजा.

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी जनावर पाहा. पट्ट्याखालची कातडी दुसऱ्या दिवशी काळी पडते, त्या दिवशी दिसत नाही. फसलेला प्रयत्नही वहीत त्याच तपशिलाने लिहा.

## ११. दुसऱ्याच्या हातात द्या

दहा जनावरं झाली की साधन शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरला द्या. काही समजावू नका. फक्त एक पानाची चित्रं असलेली सूचना द्या आणि कोपऱ्यात उभं राहून पाहा. तोंड उघडायचा मोह होईल. जिथे जिथे बोलावंसं वाटलं, तिथे तिथे उपकरणात खोट आहे, तेवढं टिपून घ्या. त्याने पट्टा उलटा लावला, तर पट्टा उलटा लागूच नये असा करा. कडी शोधायला वेळ लागला, तर कडीला लाल रंग द्या.

महिनाभर साधन त्याच्याकडेच राहू द्या. परत आल्यावर आधी पट्ट्याची शिवण पाहा, मग आकड्याचं तोंड, मग जोड. काय झिजलं, काय हरवलं, त्याने तारेने काय बांधून वेळ मारून नेली, ते सगळं उतरवून घ्या आणि दुसऱ्या नगाची मापं त्यावरून काढा. जो भाग हरवला, तो पुढच्या वेळी तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचाच ठेवा.